बुढीचा खडक आणि पोटाचा पट्टा

अनसाआत्या नसत्या, तर मी अजूनही त्या खडकावर बसलेली असते.

हे आधीच सांगून टाकते. कारण ही गोष्ट सांगायला लागलं की ऐकणारे मध्येच हसायला लागतात आणि आत्यांचं नाव घ्यायचं राहूनच जातं. अनसाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. परतवाड्याच्या पुढे, मेळघाटचे डोंगर जिथून सुरू होतात, तिथल्या एका लहानशा गावात दिलेली. नवरा लवकर गेला, पदरी मूलबाळ नाही. दिराच्या घरी राहून त्यांनी आमच्या सबंध घराण्याची बाळंतपणं काढली. माझंही त्यांनीच काढलं. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझं माहेर पार तिकडे सह्याद्रीत, एका किल्ल्याच्या पायथ्याशी, आणि त्या माहेरात आईच नव्हती. ती गेली तेव्हा मी तिसरीत होते. दोघा धाकट्या भावांकडे बघायला कुणी तरी हवं, म्हणून माझी शाळा तिथेच सुटली. (या लिखाणात ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर ते त्या दोघांच्या खाती टाकावं.)

आत्या आमच्या अमरावतीच्या दोन खोल्यांत आल्या त्या एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दुसऱ्या हातात जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन. दारातच माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "रडून कायले राह्यली वं? आता हेच तुहं मायेर समज." आणि मी आणखी रडले.

मी मुळात फार घाबरट. मला मोटारीची भीती वाटते, विहिरीची वाटते, शेजारच्या वकीलीणबाईंच्या शुद्ध बोलण्याची वाटते. दूध उतू जाईल म्हणून मी चुलीपासून हलत नाही, आणि हलले नाही म्हणून पोळी करपते. फक्त एका गोष्टीची मला कधी भीती वाटली नाही, ती म्हणजे खडक. आमच्या गावची विहीर उन्हाळ्यात आटायची. मग पाणी आणायचं ते किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या टाक्यातून. कड्यावर जुन्या लोकांनी हातापायांपुरत्या खोबण्या पाडून ठेवल्या होत्या, त्यांत बोटं रुतवत मी पाठीला कळशी बांधून वर जायची. गावातले मिशा फुटलेले मुलगे खाली उभे राहून "अगं पडशील" म्हणायचे आणि वरून पाणी आलं की निमूट प्यायचे. सपाटीवर मला सगळे भित्री म्हणत, कड्यावर घोरपड म्हणत. दोन्ही नावं खरी होती.

माझा मामा बडनेऱ्याला रेल्वेत होता. त्याने स्थळ जमवलं आणि ही घोरपड वऱ्हाडात आली. इथे पाहते तो काय, सगळीकडे मऊ काळी माती. डोळा पोचेल तिथवर कपाशी. चढायचं म्हणाल तर अमरावतीत एक तो परकोट, जुन्या गावाभोवतीची दगडी भिंत. त्याच्याजवळून जाताना डोक्यावरचा पदर सांभाळत मी दगडांमधल्या फटी नुसत्या डोळ्यांनी चाचपायची. आमचे हे मास्तर आहेत. मी कडे चढायची असं ह्यांना सांगितलं, तेव्हा "हो का?" म्हणाले. वर्गातला एखादा मुलगा काल वाघ बघितला म्हणून सांगतो, तेव्हा ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात.

मग कमळी झाली. आणि पट्टा सुरू झाला.

बाळंतिणीचं पोट बांधायची रीत सगळीकडे आहे. पण आत्यांसारखं पोट बांधणारी बाई मी आजवर पाहिली नाही. त्यांच्या गाठोड्यात जुन्या लुगड्याची उभी फाडून जोडलेली एक भली लांब पट्टी होती. रोज सकाळी अंघोळ झाली की मला भिंतीशी उभी करायची, माझ्या कंबरेला आपला गुडघा लावायचा, आणि दोन्ही हातांनी पट्टी ओढत वेढ्यावर वेढे द्यायचे. मोट ओढणाऱ्या बैलालाही मी इतका जोर करताना पाहिलेलं नाही. शेवटच्या वेढ्याला मी म्हणायची, "आत्या, श्वास घेता येत नाही." त्या म्हणायच्या, "घेऊन तर राह्यली. बोलली कशी मंग?"

लोक सव्वा महिन्यानंतर सोडतात. कमळी पाच महिन्यांची झाली तरी आमचा पट्टा चालूच. वर डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, तुपातला शिरा. म्हणजे आतून भरायचं आणि बाहेरून आवळायचं. न्हाणीघरात खाली बघितलं की मला माझी पावलं दिसायची नाहीत. एकदा मी आत्यांना विचारलं, "मी आता पहिल्यासारखी कधीच होणार नाही का हो?" त्यांनी काय ऐकलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून पट्टा आणखी घट्ट झाला.

बाळंतपण सुखरूप झालं तर गावच्या देवापुढे रोडगे करीन, असा आत्यांचा नवस होता. म्हणून कापसाची पहिली वेचणी झाल्यावर थंडीत आम्ही निघालो. परतवाड्यापर्यंत मोटारीने गेलो (मी डोळे मिटून), आणि पुढे बैलांच्या दमणीने. दमणीच्या हादऱ्याने पोट सरकेल म्हणून त्या दिवशी आत्यांनी पट्ट्याला आपला गुडघा आणि शेजारणीचा हात, असे दोन्ही लावले होते.

देव म्हणजे एक शेंदूर फासलेला दगड, आणि त्याच्या मागे 'बुढीचा खडक'. मी दमणीतून उतरले, खडक पाहिला आणि तिथेच उभी राहिले. सरळ उभा, काळा, उन्हात तापायला लागलेला. मागच्या अंगाने मेंढ्या चढतील अशी सोपी वाट होती. पण पुढची बाजू, म्हणजे देवाकडची, ती थेट माझ्या माहेरची वाटत होती. खाचा तर अशा, की कुणी माझ्या बोटांचं माप घेऊनच पाडल्या असाव्यात.

खाली सगळे कामाला लागले. आत्यांचे दीर नामदेवराव हे रोडग्यांचे मुख्य अधिकारी. त्यांनी खडकाच्या अगदी पायाशी, वारा लागू नये म्हणून, गोवऱ्यांची आर पेटवली होती आणि तीत कणकेचे रोडगे दडपत होते. तूप घरीच राहिलं होतं. तुपाशिवाय रोडगा म्हणजे नुसता गोळा, म्हणून गड्याला दमणीसकट गावात परत पाठवलं होतं. हे वांगी चिरत होते आणि ती कशी चिरू नयेत हे नामदेवराव त्यांना सांगत होते. आत्या वरणाशी. कमळी कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यात झोपलेली. मला कुणी काही काम सांगत नव्हतं. बाळंतिणीला हीच तर शिक्षा.

मी नुसता हात लावून बघणार होते. एवढंच. पण हात खाचेत गेला, खाचेने हात धरला आणि पाऊल आपोआप उचललं. लुगड्याचा कासोटा होताच. बघता बघता मी आरीच्या धुराच्या वर होते, मग कडुनिंबाच्या शेंड्याच्या वर. हातांना सगळं आठवत होतं. बोटांना खडकाचा तो खरखरीत, कोमट स्पर्श झाला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, की ही मी. बाळंतीण नव्हे, मास्तरीणबाई नव्हे. मी.

शेवटी एक बसण्यापुरता कट्टा होता. त्याच्यावर माणूसभर खडक, की माथा आला. त्या शेवटच्या टप्प्याला गुडघा कंबरेपर्यंत आणायला हवा होता. मी गुडघा उचलला. गुडघा निघाला, अर्ध्या वाटेवर आला आणि थांबला. पुढे पट्टा होता. दुसरा गुडघा उचलून पाहिला. तोही तिथपर्यंतच. आत्यांनी पोट बांधलं होतं ते काही गंमत म्हणून नव्हे. पट्ट्यापुढे मला वाकता येईना आणि चढता येईना. मग म्हटलं, उतरावं. खाली पाय टाकला तर ज्या मुरमाड खाचेवरून मी वर आले होते ती सुटून गडगडत खाली गेली.

मी कट्ट्यावर बसले. आणि तेवढ्यात कमळी उठली.

तिचं रडणं मला सबंध गल्लीतून ओळखू येतं. पहिल्या रडण्याबरोबर माझी चोळी ओली झाली. आणि मग मला ते झालं जे खडकावर कधीच झालं नव्हतं. मला भीती वाटली. खडक तोच होता, हात तेच होते. पण पूर्वी मी चढायची तेव्हा खाली माझं कुणी रडत नसायचं.

खाली शोधाशोध सुरू झाली. ह्यांनी मला नाल्यात पाहिलं, झुडपांमागे पाहिलं, एकदा तर वांग्यांच्या टोपलीमागेही पाहिलं. वर मात्र कुणी पाहीना. पाच महिन्यांची बाळंतीण वर असते, असं कुणाच्या मनात येणार? हाक मारावी तर ह्यांचं नाव कसं घ्यायचं? 'अहो' म्हणावं तर खाली सगळेच अहो. त्यात नामदेवराव म्हणजे सासऱ्यांच्या जागी. त्यांच्यापुढे सुनेने आवाज चढवायचा नाही आणि डोकं उघडं ठेवायचं नाही. म्हणून मी आधी पदर काढून नीट डोक्यावर घेतला. कपाळावरचा घाम पुसून कुंकू सारखं केलं. मग मर्यादेने एक खडा खाली सोडला.

तो नामदेवरावांच्या पागोट्यावर बसला.

"वानरं आली," नामदेवराव ओरडले, "रोडगे झाका." आणि मोठं ढेकूळ उचलून त्यांनी वर नेम धरला. नेम धरता धरता त्यांना पदर दिसला. ढेकूळ हळूच खाली ठेवून ते तोंड फिरवून ह्यांना म्हणाले, "मास्तर, तुमची मंडळी वरते आहे."

मग खाली विचारविनिमय झाला. दोर हवा होता. पण दोर, कासरे, होतं नव्हतं ते दमणीबरोबर तूप आणायला गेलं होतं. हे म्हणाले, मीच जातो. टोपी काढली, कोट काढून घडी केला, घडी कुठे ठेवावी याचा थोडा विचार केला, आणि चढले. कंबरेएवढे चढले आणि तितकेच घसरले. नामदेवरावांचं म्हणणं असं, की तूप येईस्तोवर दोर येईलच. तोवर सूनबाईंना खालून एकेक रोडगा फेकून द्यावा, उपाशी राहायला नको. कमळीचं रडणं आता खोकल्यापर्यंत आलं होतं. मीही रडत होते, पण पदराआड.

आत्यांनी पळी खाली ठेवली. कमळीला झोक्यातून उचललं, काखेला मारलं आणि मागच्या वाटेने खडक चढायला लागल्या.

"वैनी, पोरीले कायले नेता?" नामदेवरावांनी विचारलं.

"माय वरते, लेकरू खालते. दूध काय पायानं चालत येईन?"

थोड्या वेळाने माझ्या डोक्यावर, कड्यावरून, आत्यांचा चेहरा उलटा दिसला. पालथ्या पडल्या होत्या. धाप लागलेली, तोंड लालबुंद, शेजारी कमळीच्या टोपड्याचा गोंडा. मला वाटलं आता बोलणी बसणार. आत्यांनी कमळीचं टोपडं सारखं केलं. मग त्यांनी विचारलं, "भेव लागून राह्यलं?"

"हो."

"तुले तं खडकाचं भेव लागत नाई ना?"

"आत्ता लागतंय," मी म्हटलं. "तिला काही झालं तर, आत्या? मला काही झालं तर तिचं काय?"

"थे भेव आता जलमभर राह्यते. खडक असो का नसो." मग म्हणाल्या, "पट्टा सोड."

मला आधी कळेना. कळलं तेव्हा मी खाली पाहिलं. खाली नवरा, नामदेवराव आणि देव, तिघंही वर बघत उभे. आत्यांनी कड्यावरूनच हुकूम सोडला: पुरुषांनी तिकडे तोंडं करावी आणि मी म्हणेपर्यंत वळू नये. दोघं गर्रकन फिरले. नामदेवरावांनी तर डोळेही मिटले. (देव तेवढा आमच्याकडे तोंड करून राहिला. पण त्याला शेंदूर लावलेला असल्याने लाजला की नाही ते कळलं नाही.)

मी पट्टा सोडायला लागले. सोडते आहे, सोडते आहे, संपतच नाही. मांडीवर ढीग झाला, कट्ट्यावरून खाली लोंबायला लागला. शेवटचा वेढा सुटला आणि मी पाच महिन्यांत पहिला पुरा श्वास घेतला. कडुनिंबाचा, धुराचा, वांग्यांचा वास एकदम आत आला. एका टोकाला दगड बांधून मी पट्टा वर फेकला. पहिल्यांदा परत माझ्याच अंगावर आला. दुसऱ्यांदा आत्यांनी धरला. दुसरं टोक मी काखेखालून बांधून घेतलं.

"मी बसली," वरून आवाज आला. "मले हालवून दाखव."

मी गुडघा उचलला. गुडघा निघाला, अर्ध्या वाटेवर आला, आणि पुढे गेला. कंबरेपर्यंत आला, खाचेत बसला. वर कमळी रडत होती, आणि गंमत अशी, की तेच रडणं आता मला ओढून घेत होतं. एक हात, दुसरा हात, छाती कड्यावर, आणि मी वर होते. मी आत्यांच्या पायाशी जाऊन पडले आणि म्हटलं, "केवढं ओढलंत हो तुम्ही मला."

आत्या मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही हातांत कमळी. पट्ट्याचं टोक त्यांच्या मांडीखाली, आणि मधला पट्टा खडकावर सैल पडलेला.

"म्या कुठी वढलं?" त्या म्हणाल्या. "तू येऊनच राह्यली होती."

कमळीला मी पदराखाली घेतलं. ती रागाने इतकी जोरात लुचायला लागली की मला हसू आलं. आत्या उठून कड्यापाशी उभ्या राहिल्या. खाली पांढुरकी झालेली शेतं, लांब परतवाड्याच्या अंगाला धूर, पाठीशी निळे डोंगर.  मग म्हणाल्या, लगीन होऊन आले तेव्हापासून हा खडक रोज खालून पाहत आले, वर काय असतं ते आज कळलं. बायका कशाला चढतील, म्हणून कुणी चढलंच नाही.

"तुहं मायेर कोन्या बाजूले?"

मी बोट केलं. आत्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, त्या बाजूला वळल्या आणि हात जोडले. "बाई," त्या माझ्या आईला म्हणाल्या, "तुही पोरगी बरी आहे. नात बी बरी आहे. तू काळजी नोको करू."

(मी बोट केलं होतं ती दिशा नागपूरची होती, हे ह्यांनी मला घरी आल्यावर सांगितलं. तेव्हा आईला निरोप पोचायला जरा वेळ लागला असेल. पण नागपूरच्या ज्या कुणा बाईला तो मिळाला, तिलाही बरंच वाटलं असेल.)

कमळी पिऊन झोपली तेव्हा आम्हाला वास आला. मघाशी सांगितलं, आर खडकाच्या पायाशी होती. म्हणजे माझ्याकडे पाठ करायची तर रोडग्यांकडेही पाठ करावी लागत होती. आणि पुरुषांना वळा म्हणून सांगायचं आत्या साफ विसरल्या होत्या. मागच्या वाटेने आम्ही खाली आलो तरी दोघं तसेच उभे. हे कपाशीकडे बघत, नामदेवराव डोळे मिटून.

"भाऊजी, रोडगे जळून राह्यले, वास नाई आला?" आत्यांनी विचारलं.

"आला ना," नामदेवराव डोळे न उघडता म्हणाले. "पन तुम्ही वळा म्हनलंच नाई."

रोडग्यांचे कोळसे झाले होते. वरचं फोडून टाकलं तेव्हा आत सुपारीएवढं खाण्याजोगं काही तरी निघालं. तेवढ्यात घंटा वाजवत दमणी आली. दोर आला, कासरे आले, तुपाचा भला मोठा गडवा आला. आम्ही त्या सुपाऱ्या तुपात बुडवून खाल्ल्या. मी मान खाली घालून बसले होते. आता मला जन्मात कुणी खडकाजवळ उभं करणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. ह्यांनीही मला नीटच सांगायचं म्हणून घसा खाकरला होता. तेवढ्यात नामदेवराव हात चाटत म्हणाले, "सूनबाई, पुढच्या साली आधी जेवू. मंग चढजो."

ह्यांनी बोलणं परत गिळून टाकलं.

तेव्हापासून दर थंडीत आमचे रोडगे होतात, आणि जेवणं झाली की मी चढते. आत्या मागच्या वाटेने कमळीला घेऊन वर जाऊन बसतात. आता कमळी स्वतः चालत येते आणि आत्यांना हात देते. पट्टा अजून तोच आहे. आत्या वर मांडीखाली टोक धरून बसतात आणि अजून एकदाही त्यांनी ओढलेला नाही.

त्यांचं हे सगळं मी कशाने फेडणार? एकच गोष्ट त्यांनी मागितली आहे. आमच्या किल्ल्यावरच्या टाक्याचं पाणी त्यांना एकदा प्यायचंय. खोबण्या चढून, स्वतः. मी कबूल केलंय. एक दिवस मी त्यांना माझ्या माहेरी नेणार, हाच पट्टा त्यांच्या कंबरेला बांधणार, आणि वर मांडी घालून बसणार. परवा हेच वचन मी त्यांना पुन्हा एकदा दिलं. माळ्यावरचा पापडाचा डबा काढायला मी शिडी लावून वर गेले होते, डबा हाती घेतला तेव्हा लक्षात आलं की आता उतरता येत नाही, आणि तशीच माळ्यावर बसून मी त्यांना कड्याची एकेक खोबणी समजावून सांगत होते.

आत्यांनी खालून शिडी धरली. "नेशीन वं माय, नेशीन," त्या म्हणाल्या. "आधी तू खालते ये."